पाकीट रिकामं करू न्हाई

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही हो. छातीत कफ साठतो तसे ते आपोआप साठतात, आणि एकदा का उबळ आली की थांबवता येत नाहीत. माझ्याकडे तर साठणारच. बावीस वर्षं मी सांगलीतल्या एका छातीच्या दवाखान्याची लॅब सांभाळतेय. सोप्या मराठीत सांगायचं तर लोकांचे बेडके तपासते. लग्नकार्यात कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर मी "लॅबमध्ये असते" एवढंच सांगून मोकळी होते. पुढचं सांगितलं की समोरचा माणूस बासुंदीची वाटी खाली ठेवतो!

आमचा गोतावळा लहान. एक डॉक्टर, त्यांना सगळे सर म्हणतात. एक शहनाज सिस्टर, तिला सरसुद्धा घाबरतात. एक मी. आणि मंगळवारचे पेशंट. चुलीच्या धुराने, कापसाच्या धुळीने, नाहीतर चाळीस वर्षांच्या विड्यांनी ज्यांची फुप्फुसं कामातून गेली, ते दर मंगळवारी आमच्या व्हरांड्यात बसून श्वासाचा व्यायाम करतात. नळीतून हवा ओढायची आणि यंत्रातले प्लास्टिकचे तीन चेंडू वर उचलायचे. तिसरा चेंडू कुणालाच उचलत नाही, त्यामुळे मंडळींत भांडणं नाहीत.

अशा फुप्फुसांत जंतू वरचेवर मुक्कामाला येतात. मग अँटिबायोटिक द्यायचं. जंतू मरतात, थोडे उरतात, आणि उरलेले त्या औषधाला ओळखून ठेवतात. पुढच्या वेळी ते औषध त्यांना पाणी वाटतं. म्हणजे दर खेपेला जंतू काहीतरी शिकतो. पेशंट काय शिकतो, ते ऐका.

*

कराडकडचे एक सुभेदार आहेत, फौजेतून निवृत्त. धाप लागलेली असली तरी सावधानमध्येच उभे राहतात. पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना बेडक्याची डबी दिली आणि नेहमीप्रमाणे सगळं समजावलं. सकाळी उठल्यावर चूळ भरायची, खोल श्वास घ्यायचा, छातीतून खोकून बेडका काढायचा, नुसती थुंकी नको. एवढा हवा, म्हणून डबीवरच्या रेघेवर बोट ठेवून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सुभेदारांनी टेबलावर डबी ठेवली. रेघेपर्यंत बरोब्बर भरलेली! एवढा बेडका एका माणसाच्या छातीतून एका सकाळी निघाला असेल तर त्या माणसाला स्ट्रेचरवरून आणायला हवं होतं. हे तर मिशीला पीळ देऊन आले होते.

"सुभेदार, हा सगळा तुमचाच?"

"न्हाई मॅडम. माझा कमी पडला. हुकूम रेघेपर्यंतचा व्हता. मग सुनेला, नातवाला, धाकट्या भावाला फॉलइन केलं. समद्यांनी साथ दिली!"

*

माधवनगरचे बादशाहचाचा. उभी हयात मागावर गेली, कापसाचं तूस छातीत घेऊन. स्वभाव गोड, आणि औषधांची नावं लक्षात ठेवण्याची दगदग त्यांनी कधीच केली नाही. त्यांचं सगळं रंगावर चालतं. मेडिकलमध्ये जाऊन ते म्हणणार, "भाई, ते लाल-काळं दे दोन." खोकला जास्त वाटला तर "ते पिवळं-पांढरं". दुकानदारही भला माणूस, चिठ्ठीबिठ्ठी मागून म्हाताऱ्याला त्रास देत नाही. दोन दिवसांनी बरं वाटलं की चाचांचा कोर्स पूर्ण.

सरांनी एकदा कळकळीने विचारलं, "चाचा, आजपर्यंत कोणकोणती अँटिबायोटिक घेतलीत, जरा आठवून सांगा बरं."

चाचांनी डोळे मिटले, बराच वेळ आठवलं, आणि समाधानानं म्हणाले, "सर, आता एक बी रंग ऱ्हायला न्हाई."

*

आता हौसाबाई. इस्लामपूरच्या बाजूच्या. माहेरी गुऱ्हाळ, सासरी चूल, त्यामुळे धूर दोन्हीकडून मिळाला. त्यांच्या फुप्फुसातल्या नळ्या सैल होऊन त्यांचे खळगे झालेत आणि त्या खळग्यांत कायम कफ साठून असतो. वजन पस्तीस किलो असेल नसेल, पण व्हरांड्यात त्यांचाच शब्द चालतो. सगळे त्यांना हौसाक्का म्हणतात, सुभेदारसुद्धा.

हौसाबाईंना चहा दिला की त्या तळाशी एक घोट ठेवतात. पाण्याच्या बाटलीत बोटभर पाणी ठेवतात. शहनाज सिस्टर एकदा म्हणाली, "आजी, संपवा की तेवढा!"

"न्हाई बाई. भांडं पुरतं कोरडं करू न्हाई. घरात बरकत ऱ्हात न्हाई."

खरंय, आपल्याकडे पिठाचा डबासुद्धा कुणी खरवडून रिकामा करत नाही, मूठभर ठेवतातच. मला ते ऐकून फार छान वाटलं. किती जुनी, शहाणी रीत! मी घरी जाऊन नवऱ्यालाही सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात हौसाबाईंच्या नातीचा फोटो आला. नात तेव्हा इस्लामपूरला कॉलेजात होती, आणि आजीचे रिपोर्ट तिच्याच नंबरवर जायचे. आजीचा पत्र्याचा डबा उघडून तिने आतलं सगळं जमिनीवर मांडलं होतं. तीन-चार वर्षांतल्या प्रत्येक अँटिबायोटिकचं पाकीट. आणि प्रत्येक पाकिटात दोन-दोन, तीन-तीन गोळ्या शिल्लक!

खाली नातीने लिहिलं होतं, "मॅडम, आजी म्हणते, पाकीट रिकामं करू न्हाई."

त्यानंतर मी शहाण्या रीतीचं कौतुक बंद केलं.

*

आता तुम्ही म्हणाल, अडाणी लोक, दुसरं काय करणार! तर सरांचंही सांगते.

सर छातीचे डॉक्टर, शहरभर व्याख्यानं देतात. "सर्दीला अँटिबायोटिक म्हणजे गुन्हा आहे गुन्हा!" पोस्टर लावलंय भिंतीवर. एकदा त्याच पोस्टरखाली बसून ते फोनवर बोलत होते. आवाज मऊ, मान झुकलेली. "हो आई. हो, तीन दिवसांची देतो पाठवून. नाही नाही, तुमची सर्दी वेगळी आहे."

फोन ठेवला तर समोर मी आणि शहनाज सिस्टर. सिस्टर पोस्टरकडे बघत होती.

सर म्हणाले, "सासूबाई होत्या. तो विषय एमडीच्या अभ्यासक्रमात नव्हता."

*

सुभेदारांची म्हैस आजारी पडली. जनावरांच्या डॉक्टरांनी दोन दिवस इंजेक्शनं दिली, म्हैस उठून उभी राहिली, दूधही द्यायला लागली. पुढच्या मंगळवारी सुभेदारांनी व्यायाम झाल्यावर सरांना बाजूला घेतलं आणि खिशातून एक बाटली काढली. तळाशी थोडं औषध होतं.

"सर, ह्ये मला टोचा."

"सुभेदार, हे म्हशीचं आहे!"

"म्हाईत हाय. ती साडेचारशे किलोची, मी साठ किलोचा. तिला लागू पडलं तर मला काय जड हाय?"

सरांनी बाटली काढून घेतली. सुभेदार तेव्हापासून म्हशीविषयी जरा कडवट बोलतात. "तिची ट्रीटमेंट व्हती, सर. आमची निस्ती तपासणी."

*

बेडक्यातले जंतू वाढवून त्यांच्यावर औषधं तपासायची, त्याला आम्ही कल्चर म्हणतो. त्या रिपोर्टात प्रत्येक औषधापुढे एक रंगीत ओळ छापून येते. हिरवी म्हणजे हे औषध या जंतूवर चालेल, लाल म्हणजे चालणार नाही. रंगांची कल्पना माझीच. म्हटलं, लिहितावाचता न येणाऱ्यांनाही समजेल.

समजलं की! एका मंगळवारी तिघांचे रिपोर्ट एकदम आले आणि व्हरांड्यात कुस्त्यांचा फडच लागला.

बादशाहचाचांनी रिपोर्ट उंच धरला. "बघा, नऊ लाल! सगळी औषधं चितपट! अपना जंतू पैलवान हाय!"

सुभेदारांची चारच लाल. त्यांचा चेहरा पडला. "सर्व्हिस कमी पडली," म्हणाले.

मग हौसाबाईंनी आपला कागद शांतपणे उलगडला. वरपासून खालपर्यंत लाल. तळाशी दोन इंजेक्शनांपुढे हिरवं, आणि मधे कुठेतरी गोळ्यांत फक्त एकच हिरवी ओळ.  चाचांनी स्वतःचा कागद घडी करून खिशात घातला.

"हौसाक्का, तुमी तर हिंदकेसरी!" चाचा म्हणाले.

हौसाबाई हसल्या. मीही हसले. मग सरांनी तो कागद बघितला आणि ते हसले नाहीत.

*

कारण असं, की हौसाबाईंची ती नात आता फौजेत भरती झाली होती. घराण्यात पणजोबांपासून सगळे पुरुष फौजेत, पण पोरगी ही पहिली. बंगळूरला ट्रेनिंग चालू होतं आणि तीन आठवड्यांनी तिची कसम परेड, म्हणजे ट्रेनिंगअखेरची शपथेची परेड होती. हौसाबाईंनी मिरजेहून रेल्वेचं तिकीट काढून ठेवलं होतं. तिकीट तेव्हापासून कमरेच्या पिशवीतच. ज्याला त्याला दाखवायच्या.

आणि छातीत हा हिंदकेसरी. ताप, हिरवा कफ, चार पावलांवर धाप.

सरांनी त्यांना समोर बसवलं. इतकं गंभीर बोलताना मी सरांना क्वचितच पाहिलंय. "आजी, नीट ऐका. तुमच्यासाठी बाकीच्या सगळ्या गोळ्या संपल्या. आता ही एकच चालते. यापुढे गोळीच नाही. सकाळी एक, संध्याकाळी एक, पंधरा दिवस. तीन पाकिटं. एकही गोळी शिल्लक राहता कामा नये. ही वाया गेली तर ॲडमिट व्हायचं, दोन आठवडे सलाईनमधून इंजेक्शनं, आणि परेड विसरायची."

हौसाबाईंनी गोळी हातात घेऊन उलटीपालटी करून बघितली. "येवढीशीच हाय की. आन् ह्येच्यापुढं कायबी न्हाई?"

"काहीही नाही."

"लय भारी म्हनायची," त्या म्हणाल्या आणि तिन्ही पाकिटं पदरात बांधली.

प्रश्न राहिला रिकाम्या पाकिटाचा. तो शहनाज सिस्टरने सोडवला. सरांना एमडी करून जे जमलं नाही ते तिला दोन मिनिटांत जमलं. "आजी, गोळी खाल्ली की त्या खणात जोंधळ्याचा दाणा घालायचा. वर कणकेचं बोट लावायचं. पाकीट रिकामं ऱ्हात न्हाई, बरकत बी जात न्हाई. आणि तिन्ही पाकिटं मला आणून दाखवायची."

हौसाबाईंना हे इतकं पटलं, इतकं पटलं, की त्यांनी सिस्टरवरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

*

पंधरा दिवसांनी मंगळवारी हौसाबाई आल्या. ताप गेलेला, कफ पांढरा, यंत्रातला दुसरा चेंडू वर! त्यांनी टेबलावर तीन पाकिटं मांडली. तीस खण, तिसांत तीस जोंधळे, प्रत्येकावर कणकेची टिकली, वाळून कडक झालेली. अशी देखणी पाकिटं औषध कंपनीनेही कधी केली नसतील.

सरांनी फोटो काढला. पुढच्या व्याख्यानात घालणार म्हणाले. शहनाज सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते फिनाईलच्या वासावर ढकललं. मी पेढे आणले. चाचांनी दोन खाल्ले, हौसाबाईंनी अर्धा खाऊन अर्धा कागदात ठेवला.

व्हरांड्याच्या कोपऱ्यात सुभेदार मांडीवर पॅड घेऊन त्यांना काहीतरी लिहून देत होते. मला वाटलं, प्रवासाची यादी असेल. फौजी माणूस, यादीशिवाय कुणाला गाडीत बसू देणार नाही.

*

परेड झाली. हौसाबाई बंगळूरला गेल्या आणि डोळे भरून बघून आल्या. नातीच्या शेजारी उभं राहून काढलेला फोटो आला. नात कडक इस्त्रीत, आजी नऊवारीत, आणि दोघींची मान एकाच तऱ्हेने ताठ. तो फोटो मी लॅबच्या फ्रीजवर लावला. बावीस वर्षांत लाल रेघा छापून छापून माझा जीव विटला होता. म्हटलं, एक तरी हिरवी ओळ कामाला आली.

परतल्यावर दहा दिवसांत हौसाबाईंना रिक्षातून उतरवून व्हीलचेअरवर आत आणावं लागलं. ताप एकशे तीन. कफ पुन्हा हिरवा. मी कल्चर लावलं, आणि तिसऱ्या दिवशी रिपोर्ट छापला तेव्हा आधी मशीनवरच संशय घेतला. पुन्हा लावलं. तेच. गोळ्यांत जी एकच हिरवी ओळ होती, तीही लाल.

सर कागद धरून उभे. "पण कोर्स तर पूर्ण केला होता! तीस गोळ्या! माझ्याकडे फोटो आहे!"

 हौसाबाईंना ॲडमिट केलं आणि तळाच्या दोन इंजेक्शनांपैकी पहिलं सुरू झालं. हाताला शीर सापडेना. चार वेळा टोचलं.

"लागतंय का हो?" मी विचारलं.

"न्हाई बाई. माजं बघायचं ते बघून झालं."

मला राग आला. कुणाचा ते सांगता येत नाही, पण आला.

*

परवा दुपारी मी जेवायला बसले आणि फोन वाजला. नातीचा मेसेज. आधी एक फोटो होता. तिच्या खाटेवरच्या घट्ट ताणलेल्या चादरीवर हळदीकुंकवाची एक लहान डबी, आणि डबीसमोर गोळ्या. पाच-पाचच्या तीन रांगा, परेडला उभ्या केल्यासारख्या. गोळी मी ओळखली.

खाली लिहिलं होतं, "मॅडम, आजीने परेडला आणलेला लाडवाचा डबा आज तळाला आला. तळाशी ही डबी होती. आत ही चिठ्ठी. या गोळ्या कसल्या? आजी बरी आहे ना? फोन का उचलत नाही?"

मग चिठ्ठीचा फोटो आला. अक्षर सुभेदारांचं. वर उजव्या कोपऱ्यात तारीख, डाव्या बाजूला "विषय: खोकल्याच्या गोळ्या, नग पंधरा", आणि खाली हौसाबाईंनी सांगितलं तसंच्या तसं, एक शब्द न बदलता:

"बाळे, डाक्टर म्हनला बाकी समद्या गोळ्या संपल्या, आता जगात ही येकच चालती. मी म्हातारी, मला किती लागत्यात? सकाळच्या मी खाल्ल्या, सांजच्या तुला राखल्या. तिकडं थंडीवाऱ्यात छाती भरली तर खा. पर डबी पुरती रिकामी करू नगंस."